खावटी, लग्न होईपर्यंत

पितृप्रेम ही अत्यंत गहन भावना आहे आणि योग्य वकिलाचा सल्ला मिळाल्याखेरीज ती पुरती जागी होत नाही, असे आमच्या समाज मंडळाचे अनुभवाअंती बनलेले मत आहे. आईच्या प्रेमाला असला सल्ला लागत नाही. म्हणूनच त्याची कुणी दखल घेत नाही. कोरपन्याच्या धनराजभाऊंचे पितृप्रेम ज्या वर्षी जागे झाले, त्या वर्षी मी मंडळाचा सचिव होतो. तेव्हा पुढील हकीकत अधिकृत समजावी.

धनराजभाऊंचे दोन टिप्पर सिमेंटच्या कारखान्यावर चालतात. शिवाय कापसाची काळी जमीन आहे आणि गडचांदूरला रोडला लागून प्लॉट आहे. बायकोशी त्यांचे पटले नाही. का पटले नाही याबद्दल दोन बाजू आहेत (पैकी धनराजभाऊंची मंडळाने ऐकून घेतली आहे). मुलगी दिव्यानी चौथीत असताना वच्छलाबाई तिला घेऊन माहेरी, पोंभुर्ण्याला निघून गेल्या आणि तिथे शाळेत पोरांची खिचडी शिजवण्याच्या कामाला लागल्या. पुढे कोर्टाने मुलीची खावटी, म्हणजे पोटगी, ठरवून दिली. स्वतःसाठी बाईंनी काही मागितले नाही. स्वभाव पहिल्यापासून गर्विष्ठच.

धनराजभाऊ वक्तशीर माणूस. खावटी ते अगदी नियमितपणे, दर वॉरंटाला भरत. कोर्टात जाण्यासाठी त्यांनी एक वेगळी चप्पल ठेवली होती. पट्टा शिवलेला, टाच झिजलेली. ती टिप्परच्या सीटखाली असे. कोर्टाच्या फाटकापाशी बूट उतरवून ते ती चप्पल पायात घालत आणि आत जाऊन हात जोडून सांगत, "साहेब, टिप्पर माह्या मायचे हाये. मी त्याच्यावर रोजीनं जातो." जमीन भावाची, प्लॉट बहिणीचा. स्वतःच्या नावावर काहीही न ठेवणारी अशी निरिच्छ माणसे आता फारशी उरलेली नाहीत.

दिव्यानी अठरा वर्षांची झाली, तो दिवस भाऊंनी कोरपन्यात थाटात साजरा केला. बाजार चौकात बॅनर लागला. त्यावर भाऊ होते, भाऊंचे मित्र होते, भाऊंना ओळखणारे आणि भाऊ ज्यांना ओळखतात असे सगळे होते. खाली कोपऱ्यात दिव्यानी होती, दोन वेण्या घातलेली, पुढचे दात पडलेली. दुसरीनंतरचा फोटो भाऊंकडे नव्हता. मटणाची पंगत बसली, भाऊंनी केक कापला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आज माही पोरगी मोठी झाली. बापाचं ओझं उतरलं." ओझ्याचा हा उल्लेख अलंकारिक आहे असे तेव्हा आम्हा सर्वांना वाटले.

(उत्सवमूर्ती या कार्यक्रमाला हजर नव्हती. कुणीतरी बॅनरचा फोटो काढून तिच्या मोबाइलवर पाठवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि आईला म्हणाली, "हा फोटो बाबानंच काढला होता. मी हसतच नव्हती, तं खिशातून चॉकलेट काढून दाखोलं होतं." मंडळाच्या दृष्टीने ही बाब गौण आहे.)

त्या महिन्यापासून भाऊंनी खावटी बंद केली. बारावी झालेल्या दिव्यानीचा नंबर चंद्रपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात लागला होता आणि फी भरायला दीड महिना होता. तिने बापाला फोन केला. भाऊ म्हणाले, "शिक्षणाले माहा विरोध नाई." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. विरोध नसणे हे केवढे मोठे योगदान आहे, हे त्या वयात कळत नाही. तिने सरळ कोर्टात स्वतःच्या नावाने अर्ज टाकला.

नोटीस हातात पडताच भाऊ वकिलाकडे गेले. मी सोबत होतो.

"वकीलसाहेब, पोरगी सज्ञान झाली. मतदान करू शकते. आता कायची खावटी?"

"पोरगा असता तं सुटले असते भाऊ," वकील म्हणाले. "पोरगी हाये. सोताचं भागवू शकत नसन, तं लग्न होईपर्यंत बापानंच पोसा लागते."

"लग्न होईपर्यंत?"

"लग्न होईपर्यंत."

भाऊ काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. पितृप्रेम जागे होण्याचा क्षण मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे. चेहऱ्यावर आधी भीती दिसते, मग हिशेब, आणि मग अतिशय कोमल असे काहीतरी. "माह्या पोरीचं लग्न," भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मले करा लागन. माहं कर्तव्य हाये ते."

त्यानंतर त्यांनी जी धावपळ केली, तिला तोड नाही. इतर बाप मुलाची नोकरी पाहतात, शेती पाहतात, दारू पितो का ते चार ठिकाणी विचारतात. भाऊंनी हे सगळे फाटे छाटून टाकले. ते एकच प्रश्न विचारत, "तारीख कोनती देता?" अशाने दोन स्थळे घाबरून पळाली. तिसरे टिकले, कारण त्यांनाही घाई होती. राजुऱ्याकडचे देवाजी आणि त्यांचा मुलगा आदेश. आदेशचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. आपल्याला इतक्यात लग्न करायचे नाही, असे तो तीनदा म्हणाल्याचे सांगतात. परंतु त्याचे मत हा विषय पत्रिकेवर नव्हता.

प्रश्न राहिला पोंभुर्ण्याचा. आई ऐकेना. तेव्हा मंडळाने शिष्टमंडळ पाठवण्याचा ठराव केला. (खावटी थकली होती तेव्हा वच्छलाबाई दोनदा मंडळाकडे आल्या होत्या. नवरा-बायकोच्या भांडणात मंडळ पडत नाही, असा ठराव त्या वेळी झाला होता. दोन्ही ठराव एकमताने झाले आहेत.) गाडी आणि डिझेल धनराजभाऊंचे.

आम्ही पोहोचलो तेव्हा रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते आणि बाई धानाच्या बांधीत होत्या. निरोप गेल्यावर त्या तशाच आल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल. आम्ही खाटेवर बसलो होतो. त्या उभ्याच राहिल्या.

"बाई," आमचे अध्यक्ष म्हणाले, "बाप एवढा धडपडून राह्यला पोरीसाठी. राजुऱ्याच्या पाहुन्याइले पाहाले येऊ द्या."

"आठ वर्सं कुठी होता?"

"झालं गेलं जाऊ द्या. आता तं आला ना?"

"पोरीची फी भराले सांगा त्याले. मंग बोला."

"फी काय, नवराई भरन. पोरीले कवापर्यंत घरात ठेवता? लोक बोलते."

"लोक मंजे तुमीच ना?" बाई म्हणाल्या. "मंग नोका बोलू."

या उर्मटपणाची नोंद घेऊन आम्ही उठणार, तोच आतून दिव्यानी बाहेर आली. बॅनरवरच्या मुलीशी तिचे काहीही साम्य नव्हते. उंच, बारीक, आणि समोरच्याकडे सरळ पाहणारी. "येऊ दे माय त्याइले," ती म्हणाली. "पाहून जाऊ दे."

बाईंनी तिच्याकडे पाहिले. "तुले लग्न करायचं हाये?"

"नाई. बाबाले भेटायचं हाये. कोर्टात तं ते माह्याकडं पाहतच नाई."

आम्ही यातला पहिला शब्द सोडून बाकीच्या शब्दांचा होकार असा अर्थ लावला.

पुढच्या रविवारी दिव्यानीच्या मामाच्या ओसरीत कार्यक्रम झाला. देवाजी, आदेश, धनराजभाऊ आणि आमचे मंडळ. भाऊ त्या दिवशी बूट घालून आले होते. दिव्यानीने पोहे आणून ठेवले आणि बापाला वाकून नमस्कार केला. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्या उंचीचा अंदाज नसल्यामुळे तो आधी खांद्यावर पडला.

मुलीला नाव, शिक्षण आणि स्वयंपाक एवढे विचारून झाल्यावर देवाजी मुख्य विषयाकडे वळले. "पोरीच्या बापाचं काय हाये म्हनाचं?"

भाऊंची छाती फुलली. "दोन टिप्पर हाये. बारा एकर काळी हाये. गडचांदूरले प्लॉट. एकुलती एक पोरगी, माह्या मागं सारं हिचंच."

"वा," देवाजी म्हणाले.

"बाबा," दिव्यानी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "टिप्पर तं आजीचे हाये ना? कोर्टात तुमी सांगतलं, तुमी रोजीनं जाता मनून."

देवाजींनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "रोजीनं?"

येथे धनराजभाऊंवर जो प्रसंग आला, तो मी शत्रूवरही येऊ नये असे म्हणेन. टिप्पर आईचे म्हणावेत, तर सोयरीक मोडते आणि खावटी चालू राहते. टिप्पर आपले म्हणावेत, तर सोयरीक टिकते, पण खावटी वाढते. मधला मार्ग काढायला वकील जवळ नव्हता. अखेर त्यांच्यातला टिप्परमालक जिंकला.

"कोर्टाचं काय घेऊन बसली?" ते ओरडले. "कोर्टात तसंच सांगा लागते! टिप्पर माहेच हाये, जमीनई माहीच हाये. विचार साऱ्या कोरपन्याले!"

"मंग माही फी भरा बाबा. आठ दिवस राह्यले."

"लग्न झाल्यावर आदेश भरन."

"आमी कायले भरू?" देवाजी ताडकन म्हणाले. "दोन टिप्परवाला बाप जित्ता असतानी पोरीची फी आमी कायले भरू?"

दिव्यानीने मान हलवली. "मी तेच इचारून राह्यली काका."

दिव्यानी बापाकडे पाहत होती. भाऊ पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होते. शेवटी ती म्हणाली, "बाबा, एकदा माह्याकडं पाहून तं सांगा," आणि तेवढ्यावर तिचा आवाज फाटला. भाऊंनी पाहिले नाही. ती आत निघून गेली. वच्छलाबाईंनी शांतपणे सगळ्यांच्या प्लेटा गोळा केल्या, आमच्या अध्यक्षांची तर भरलेलीच.

सोयरीक मोडली. आदेश जाताना वच्छलाबाईंच्या पाया पडला; तेवढा एकच जण त्या दिवशी आनंदात होता.

कोर्टात तारीख आली तेव्हा दिव्यानीच्या वकीलबाईंनी साक्षीसाठी आम्हा सगळ्यांना विचारले. भाऊ टिप्परबद्दल काय बोलले? अध्यक्षांना त्या दिवसापासून डाव्या कानाने कमी ऐकू येते. खजिनदार त्या वेळी लघुशंकेला गेले होते. माझे लक्ष पोह्यांकडे होते. मंडळ निःपक्षपाती असते ते असे.

मात्र धनराजभाऊंकडून एक चूक झाली. सोयरीक का मोडली हे लोकांना सांगताना त्यांनी मुलाला फिट येतात असे सांगितले. देवाजींना हे कळले आणि ते स्वतःच्या खर्चाने एसटीने चंद्रपूरला येऊन कोर्टात उभे राहिले. न्यायासाठी वगैरे नाही. पोराचे नाव साफ करायला. बोलता बोलता त्यांनी टिप्पर, जमीन, प्लॉट, सगळे शब्दशः सांगितले.

कोर्टाने फी आणि वाढीव खावटी भरण्याचा हुकूम केला. भाऊ भरेनात, तेव्हा एका सकाळी कारखान्याच्या गेटवरच एक टिप्पर जप्त झाला. त्याच संध्याकाळी सगळी रक्कम जमा झाली. पण कॉलेजची मुदत त्याआधीच टळली होती. पहिली फी वच्छलाबाईंनी बचत गटाचे कर्ज काढून आणि कानातले मोडून भरली होती. ते कानातले पुन्हा झाले नाहीत. दिव्यानी आता दुसऱ्या वर्षाला आहे, वॉर्डात ड्यूटी करते. बापाचा फोन येत नाही. सुरुवातीला ती वाट पाहायची, असे तिची आई सांगते.

इकडे धनराजभाऊ सर्वांना सांगतात, "मी पोरीले नर्स करून राह्यलो." ते खोटे म्हणता येत नाही. मंडळाने यंदा त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. वच्छलाबाईंनाही निमंत्रण होते, श्रोत्यांमध्ये.

हे वाचून तुम्हाला धनराजभाऊंचा राग आला असेल. आमचाही थोडा आला असेल. येऊ द्या, तब्येतीला बरा असतो. फक्त एवढी माहिती द्या. तुमच्या गल्लीत, नात्यात, एखादी बाई एकटीने मुलगी वाढवत असेल. असतेच. ती दुकानात, जिन्यात, कुणाच्या लग्नात भेटते तेव्हा तुम्ही तिला काय विचारता? "हिचा बाप फी देतो का?" असे तुम्ही विचारल्याचे अजून कुणी ऐकलेले नाही. "मग, मुलीच्या लग्नाचं काय?" हे मात्र तुम्ही न चुकता विचारता, तेही गाडी-डिझेल न घेता. तेव्हा वर्गणीची आणि अर्जाची काळजी करू नये. आपण मंडळाचे सभासद आहातच.