गच्ची, नौका क्रमांक सतरा

प्राणी कितीही मोठा असो, त्याची रीतसर नोंद होईपर्यंत तो एक अफवाच असतो. हे उंटाला लागू आहे, हत्तीला लागू आहे आणि ज्याची नुसती जीभच एका हत्तीच्या वजनाची भरते त्या देवमाशाला तर फारच लागू आहे. हत्ती निदान जमिनीवर चालतो, त्यामुळे एखाद्या कारकुनाला तो खुर्चीत बसल्या बसल्या खिडकीतून दिसू शकतो. देवमाशासाठी उठावं लागतं.

हे उठण्याचं काम शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून 'उष्ण किनारी जलक्षेत्रातील गाळणीमुखी देवमासे यांच्या जमावस्थानांचा अभ्यास कक्ष' स्थापन झाला. गाळणीमुखी म्हणजे ज्यांना दात नसतात आणि टाळूला लोंबणाऱ्या राठ झालरीतून घोटभर समुद्र गाळून जे पोट भरतात ते. (पाटी दारापेक्षा लांब झाल्यामुळे ती दोन भिंतींवर मिळून लावली आहे. एका बाजूने येणाऱ्याला 'उष्ण किनारी' आणि दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला 'अभ्यास कक्ष' एवढंच दिसतं. दोघांचंही समाधान होतं.) कक्षात एक संचालक, चार कारकून, एक लाँच, लाँच चालवणारे तांडेलकाका आणि एक निरीक्षिका. निरीक्षिकेच्या गळ्यात सदानकदा दुर्बीण, म्हणून सगळे तिला दुर्बीणबाई म्हणत. घरी आईसुद्धा तेच म्हणायची.

कक्षाची कामाची पद्धत अत्यंत काटेकोर होती. लाँच सकाळी अकराला सुटायची आणि दुपारी एकच्या ठोक्याला धक्क्याला लागायची, कारण संचालकांना एकला पान लागायचं आणि पाण्यावर जेवलं की त्यांच्या पोटात ढवळायचं. लाँचचा वेग ताशी अकरा किलोमीटर. म्हणजे तासभर जायचं, तासभर यायचं. या पद्धतीने चौदा वर्षं निष्ठेने काम केल्यावर जी माहिती हाती आली, ती अशी: एकूण दिसलेले देवमासे दोनशे बारा. पैकी धक्क्यापासून अकरा किलोमीटरच्या आत, दोनशे बारा. त्याच्या पलीकडे, शून्य. रविवारी, शून्य. सरकारी सुट्ट्यांना, शून्य. पावसाळ्यात लाँच वर ओढून ताडपत्रीखाली ठेवली असताना, शून्य. दुपारी एकनंतर, शून्य.

इतके स्वच्छ आकडे शास्त्रात सहसा मिळत नाहीत. त्यांवरून असं सिद्ध झालं की देवमासा हा शिस्तीचा, ऑफिसच्या वेळा पाळणारा, जेवायला घरी जाणारा आणि सुट्टीचा दिवस बायकामुलांना देणारा प्राणी आहे. संचालकांनी या विषयावर तीन परिषदांत भाषणं केली. एका परिषदेत कुणा आगाऊ पाहुण्याने विचारलं की अकरा किलोमीटरच्या पुढे तुम्ही कधी गेला आहात का. संचालक मंद हसले आणि म्हणाले, तिथे देवमासे नाहीत, मग जायचं कशाला? टाळ्यांचा कडकडाट झाला. (पाहुण्यानेही वाजवल्या. माणूस एकटा पडला की वाजवतोच.)

यंदा या आकड्यांवरून नकाशा पक्का व्हायचा होता. अकरा किलोमीटरचं अर्धवर्तुळ निळं, म्हणजे राखीव. उरलेला समुद्र पांढरा, म्हणजे देवमासामुक्त, म्हणजे तिथे हवं ते बांधा. उत्तरेला बत्तीस किलोमीटरवर, खाडीच्या तोंडाशी, एक भलीमोठी जेटी उभी राहायची होती आणि तिच्यासाठी सहाशे लोखंडी खांब तळात ठोकायचे होते. देवमासा डोळ्यांपेक्षा कानांवर जगतो. त्याच्या शेजारी खांब ठोकणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत बँड लावण्यातला प्रकार. पण जागा पांढरी असल्याने तिथे बाळंतीण असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच खाडीच्या तोंडाशी दुर्बीणबाईची आत्या राहायची. एका रविवारी दुर्बीणबाई आत्याकडे गेली असताना गच्चीवर कपडे वाळत घालू लागत होती, तेवढ्यात समोरच्या पाण्यातून फस्सकन फवारा उडाला. मागोमाग एक लांबलचक काळी पाठ वर आली आणि त्या पाठीला चिकटून आणखी एक छोटी पाठ. छोटी म्हणजे मोटारीएवढी. मायलेकरू! दुर्बीणबाईने हातातली ओली चादर डोक्यावर घेतली, गच्चीला दोन फेऱ्या मारल्या, आत्याचा मुका घेतला आणि दुर्बीण गळ्यात असताना दुर्बीण कुठे गेली म्हणून आरडाओरडा केला. तिला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा हे कळेना.

आत्याने शांतपणे चिमटा लावला. "ही रोजच येते. पिल्लू झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ. बाकीचे सात तिकडे खडकापाशी असतात. तुला ठाऊक नव्हतं? मग तू तिथे नक्की करतेस तरी काय गं?"

या प्रश्नावर दुर्बीणबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नकाशावर सह्या व्हायला पंधरा दिवस होते. तेवढ्यात या नऊ जीवांची एक नोंद, फक्त एक, रकान्यात बसली असती तर खाडी निळी झाली असती. सोमवारी सकाळी तिने फॉर्म भरला आणि तो दुपारपर्यंत परत आला. कारणं दिली होती: दिवस रविवार, निरीक्षकाच्या हाती सरकारी कागदाऐवजी चादर, नौका क्रमांकाचा रकाना रिकामा. मग निदान लाँच तरी एकदा उत्तरेला नेऊ या, असं तिने सुचवलं. संचालकांनी बत्तीसला अकराने भागलं, घड्याळाकडे पाहिलं आणि आपल्या डब्यावर हात ठेवला.

"बाई, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," ते म्हणाले. "पण विश्वासाला फॉर्मात रकाना नाही. नौकेचा क्रमांक आणा, मी डोळे मिटून सही करतो."

(डोळे मिटून सही करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.)

दुसरी एखादी असती तर रडत बसली असती. दुर्बीणबाईने नियमांचं पुस्तक काढलं. त्यात नौकेची व्याख्या होती: 'पाण्याने वेढलेली, माणसे वाहणारी व दोर बांधलेली कोणतीही रचना.' आत्याच्या घराला भरतीच्या वेळी तीन बाजूंनी पाणी असे आणि चौथ्या बाजूला गळकी टाकी होती. गच्ची आत्याला वाहत होती. आणि दोर तर होतेच, कपडे वाळत घालायचे, चांगले पाच. तिने अर्ज ठोकून दिला.

नौका-तपासनीस आला, जिना चढून धापा टाकत म्हणाला की तपासणीला आलेली ही सर्वांत उंच नौका आहे. त्याने यादी काढली. जीवरक्षक कडी दोन: नातवंडांची पोहायची फुगवायची बदकं मान्य झाली. घंटा: दाराची बेल. नांगर: जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी पाय. नौकेला गळती आहे का? पावसाळ्यात आहे, आत्याने प्रामाणिकपणे सांगितलं. हे ऐकून तपासनीसाची उरलीसुरली शंका फिटली. कप्तानपदासाठी आत्याची तोंडी परीक्षा झाली. डाव्या अंगाला काय? शेजारीण. उजव्या? टाकी. वादळ आलं तर काय कराल? कपडे काढीन. आत्या पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली आणि गच्चीला क्रमांक मिळाला, सतरा.

आता पुढचं सगळं सरळ होतं. दुर्बीणबाई नौका क्रमांक सतरावर सोमवारी रीतसर रुजू झाली. अकरा वीसला मायलेकरू आलं. पिल्लू आईच्या अंगावरून घसरगुंडी खेळत होतं. तिने सगळे रकाने भरले, खाली कप्तानाची सही घेतली आणि दोघींनी त्या आनंदात चहाचे तीन-तीन कप रिचवले.

गोची झाली ती नियम नऊची. नियम नऊ सांगतो की प्रत्येक नौकेने दुपारी एक वाजता धक्क्याला परत आलंच पाहिजे. एक वाजला. गच्ची आली नाही. सव्वाला हजेरी-कारकुनाने धक्क्यावर जाऊन डोळ्यांवर हात धरून पाहिलं, तरी गच्चीचा पत्ता नव्हता. साडेएकला 'नौका बेपत्ता' असा शेरा पडला, भोंगा वाजला, आणि नियमाप्रमाणे खुद्द संचालकांना शोधमोहिमेवर निघावं लागलं. चौदा वर्षांत प्रथमच त्यांचा डबा न उघडता राहिला.

तांडेलकाका शीळ घालत लाँच उत्तरेला हाकत होते. खाडीच्या तोंडाशी देवमासे असतात हे ते चौदा वर्षं सांगत आले होते, पण त्यांचा हुद्दा पाहण्याचा नसून चालवण्याचा असल्याने ते ऐकण्यात आलं नव्हतं. साडेचारला गच्ची सापडली. जागच्या जागी होती, कप्तान सुखरूप होती, कपडे वाळले होते.

आणि लाँचच्या भोवती, एकदम, नऊ देवमासे वर आले.

अहो, काय सांगावं! एकाने फवारा सोडला तो थेट संचालकांच्या टकलावर. मासळीचा वास मारणारं ते पाणी कॉलरीतून आत गेलं आणि चौदा वर्षं परिषदा गाजवणारा तो माणूस लहान पोरासारखा खिदळू लागला. त्यांनी बूट काढले, टाय कमरेला गुंडाळला, कठड्याला पोट लावून लोंबकळले. पिल्लाने डोकं वर काढून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, बहुधा ही जात त्याने पूर्वी पाहिली नसावी. "बाई, अहो बाई, बघा तरी," ते गच्चीच्या दिशेने ओरडत होते. गच्चीवर दुर्बीणबाई आणि आत्या बेल वाजवत नाचत होत्या. तांडेलकाका सुकाणू सोडून डोळे पुसत होते. इतका सुखाचा सरकारी दिवस कुणी पाहिला नसेल.

दुसऱ्या दिवशी दुर्बीणबाईचा फॉर्म परत आला. नौका सतरा बेपत्ता ठरल्यामुळे तिच्यावरची त्या दिवसाची सर्व निरीक्षणंही बेपत्ता धरण्यात आली होती. लाँचची फेरी शोधमोहिमेत मोडत होती आणि तिच्या अहवालात फक्त सापडलेल्या वस्तूंचा रकाना होता. त्यात लिहिलं होतं: गच्ची, एक. देवमासे हरवल्याची तक्रार नसल्याने ते सापडणं शक्य नव्हतं.

"सर, तुम्ही स्वतः भिजलात," दुर्बीणबाई म्हणाली.

संचालकांनी मान खाली घातली. त्यांच्या टायवर अजून मीठ होतं. "भिजलो, बाई. पण मी तेव्हा जेवणाच्या सुट्टीवर होतो."

तरी कायदा दयाळू असतो. सह्या झाल्यावरही नकाशा पक्का होण्याआधी तीस दिवस नागरिकांच्या हरकतींसाठी ठेवलेले असतात आणि एक हरकत आली तरी पाहणी नव्याने करावी लागते. दुर्बीणबाई कर्मचारी, म्हणून तिला हरकत घेता येईना. तांडेलकाकांचंही तेच. आत्या तर आता सरकारी नौकेची कप्तान. संचालक हरकती ऐकणारे, त्यांनी स्वतःचीच ऐकणं बरं दिसलं नसतं. तेव्हा कुणीतरी साधा माणूस हवा होता, फक्त एक. दुर्बीणबाईने जाहीर सूचना स्वतः लिहिली, सोप्या भाषेत: खाडीच्या तोंडाशी मायलेकरू आहे, तिथे खांब ठोकले जाणार आहेत, नको असेल तर एक ओळ लिहून पाठवा, पोस्टकार्ड चालेल. ती सगळ्या वर्तमानपत्रांत छापून येईल हे तिने पाहिलं. मग तीस दिवस रोज संध्याकाळी ती हरकतींची पेटी उघडायची, आत हात घालून चारही कोपरे चाचपायची आणि बंद करायची.

एकतिसाव्या दिवशी हरकतींची संख्या शून्य म्हणून नोंदली गेली. (ही नोंद अचूक आहे.) त्याच आठवड्यात पहिला खांब बसला. आत्याने फोन करून सांगितलं की आज कपडे वाळत घातले, पण समोर कुणी आलं नाही.

सूचना तुमच्याही घरी आली होती. चौथ्या पानावर, खाली डावीकडे, शब्दकोड्याला अगदी लागून. त्या दिवशीचं कोडं तुम्ही चहा घेता घेता पूर्ण सोडवलंत. उभा शब्द सहावा, चार अक्षरी: समुद्रातला सर्वांत मोठा प्राणी. तो तुम्ही बरोबर भरलात.