आधी बूच, मग सांधा

"बावीस वर्षांत माझ्या डब्यात पाण्याचा थेंब शिरला नाही! समुद्राची काय बिशाद!" असं उस्ताद दिवसातून चारदा म्हणत. इंटरनेटच्या केबलबरोबर समुद्राच्या तळाशी जाणारे पोलादी डबे त्यांच्या कारखान्यात बनत. त्या डब्यात केसाएवढा काचेचा धागा, म्हणजे फायबर, आत घेऊन भोक पक्कं बंद करायचं, हे उस्तादांचं काम. आज मोठे साहेब ते बघायला येणार होते, कारण विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती. उस्तादांनी सकाळीच बायकोला सांगून टाकलं, "आजपासून प्रमुखाची बायको म्हणून मिरव!"

"मिरवते हो. पण आधी तो गळका नळ बघा."

साहेबांसमोर उस्तादांना चेव चढला. "रबरी बूच आधी फायबरवर ओवायचं, मग आतल्या-बाहेरच्या फायबरची टोकं जोडायची. एकदा जोडलं की बूच काही केल्या ओवता येत नाही. हे विसरेल तो गाढव!"

बोलता बोलता त्यांनी टोकं जोडली. साहेब "वा!" म्हणाले. शेजारच्या टेबलावरची सहकारीण मात्र खाकरली. "उस्ताद, बूच..."

बूच टेबलावरच होतं! पण उस्तादांची जीभ शाबूत होती. "बघितलंत साहेब? मुद्दाम करून दाखवलं. गाढवपणा असा होतो!"

"छान! आता बरोबर करून दाखवा."

सांधा कापला. फायबर जेमतेम वीतभर उरला. उस्तादांनी बूच ओवलं, ते आहे ना हे तीनदा चाचपलं, टोकं जोडली आणि बूच भोकात सरकवलं. जाईना! निमुळती बाजू बाहेर, जाड बाजू आत!

"हेही मुद्दाम?" साहेबांनी विचारलं.

"ह... हो. ही जरा वरच्या इयत्तेची चूक."

"आता एकदाच जोडता येईल," सहकारीण हळूच म्हणाली. उस्तादांनी खुर्ची सोडली. तिनं सांधा कापला, बूच सुलट ओवलं, टोकं जोडली आणि डबा बंद केला. पाण्याच्या दाबाखाली तासभर ठेवला, थेंब शिरला नाही.

प्रमुख तीच झाली. साहेबांनी उस्तादांच्या पाठीवर थाप मारली. "चुका शिकवाव्यात तर तुम्हीच! नव्या लोकांना तुम्हीच शिकवा."

"झालात प्रमुख?" बायकोनं दारातच विचारलं.

"मास्तर झालो!" म्हणत उस्तादांनी बाह्या सरसावल्या, नळ खोलला, पुन्हा बसवला आणि सगळा राग पान्यावर काढत करकचून आवळला. "आता समुद्र आला तरी गळणार नाही!"

बायकोनं मूठ उघडली. आत रबरी वायसर. "अहो, हा आधी घालायचा होता ना?"

नळातून धार लागली.

उस्तादांनी खाली मान घालून विचारलं, "मुद्दाम केलं म्हणू का?"

"म्हणा की! पण आधी बादली आणा."