सुकलालची मुकी नक्कल

सोनगीरच्या सुकलालनं स्वतःच्या आवाजात कुणाला राम राम घातल्याचं मला आठवत नाही. समोर येईल त्याच्याच आवाजात तो बोलायचा. हवालदाराला हवालदारासारखा दटावायचा, मारवाडी दुकानदाराशी त्याच्यासारखंच नाकातून बोलायचा. मी एकदा चिडून ओरडलो, "नीट बोल की!" तर समोरून माझ्याच आवाजात, माझ्याच तिरसटपणानं, "नीट बोल की!"

नकला हाच त्याचा धंदा. जत्रा असो, बाजार असो, घोंगडी अंथरायचा आणि सुरू व्हायचा. चढावर दमलेली मोटर, साहेबाचा खोकला, भांडणाऱ्या सासवा-सुना, सगळं एका घशातून. बोदवड स्टेशनात त्यानं गार्डाची शिट्टी अशी हुबेहूब घातली, की लोक हातातला चहा टाकून गाडीकडे धावले. गाडी जागची हललीसुद्धा नव्हती. मात्र माणसाची नक्कल करण्याआधी तो त्याला हात जोडून विचारायचा, "भाऊ, तुमना चेहरा घडीभर देतस का?"

मला विचारलं नाही. माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

मी बैलांचा व्यापारी. दुसऱ्याची गुरं हाकत मोठा झालो आणि धुळ्याच्या बाजारात स्वतःचं नाव केलं. आमचा सौदा उपरण्याखाली होतो. दोघांचे हात आत, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून अक्षर नाही. सगळी मदार चेहऱ्यावर. माझा चेहरा म्हणजे दगड, असा माझा समज होता.

सुकलालनं भर बाजारात दाखवून दिलं, की मी मनातून तयार झालो की माझा मोकळा हात कानाची पाळी ओढतो. लोक हसून लोळले. पुढच्या बाजारी पिंपळनेरचा एक शेतकरी बैलाकडे बघेचना. माझ्या कानाकडे बघत बसला. "घाई नही नाना," म्हणाला, "अजून कान कुठं धरला तुम्ही?"

मी तडक सोनगीर गाठलं. "नक्कल बंद कर, नाहीतर घोंगडी जाळतो तुझी!" असं ओरडतच त्याच्या घरात शिरलो. ओसरीवर त्याची मोठी बहीण शेंगा फोडत होती. प्रत्येक बाजारात ती त्याच्या घोंगडीजवळ बसलेली असायची. मी तिला शेंगा विकणारी समजत होतो. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"अक्काले ऐकू येत नही, नाना. जन्मपाईन."

हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बारीक, थोडा घोगरा. त्याचा स्वतःचा.

"लोक हसतस, ती त्यास्ना तोंडकडे देखत ऱ्हास," तो म्हणाला. "तुमनी नकलमा बोलणंच नही. तेवढी एकच तिले समजस. बठ्ठा लोकस्नासंगे हासस ती."

"मग घरात दाखव तिला! बाजारात कशाला?"

"घरमा आम्ही दोनच, नाना."

मी इतक्यानं विरघळणारा माणूस नाही. धुळं सोड, बाकी कुठंही कर, म्हणून घासाघीस केली. तो अक्काशेजारी शेंगा फोडायला बसला. शेवटी मी म्हटलं, "आणि मला न विचारता केलंस, त्याचं काय?"

तो उठला. हात जोडले. "नाना, तुमना चेहरा घडीभर देतस का?"

मी तोंड दगडासारखं ठेवलं. हो म्हणालो नाही. पण अक्काचे हात शेंगांवर थांबले होते. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि ती खदखदून हसायला लागली.

माझा हात कानावर होता.