काशीमचाचांचे गवाह

काशीमचाचांना रस्त्यात "कसं काय चाचा?" म्हणून विचारलंत, तर ते आधी एक पाऊल मागं सरकत. मग हातातली काठी तुमच्या आणि त्यांच्या मध्ये आडवी धरत. अंतर बरोबर दोन हात भरलं की काठी खाली टेकवत आणि म्हणत, "हां, अब बोलो. पर मापात बोलायचं."

बेंबळीत या माणसानं मोजली नाही अशी वस्तू नव्हती. निजामाच्या काळात ते मोजणी खात्यात साखळी ओढायला होते. राज्य गेलं, खातं गेलं, साखळीही सरकारजमा झाली. पण मोजण्याची खोड तेवढी चाचांकडेच राहिली. काठीवर वीत-वीतभर अंतरानं खाचा पाडलेल्या. त्या काठीनं ते बैलाची शिंगं मोजत, विहिरीचं पाणी मोजत, उन्हात उभे राहून स्वतःची सावली मोजत आणि मशिदीतल्या घड्याळाला उशीर झाला असं मौलवींना सांगून येत. लग्नाच्या मांडवात त्यांना पहिलं बोलावणं असे, पण नवरा-नवरीजवळ जाऊ देत नसत. कारण एकदा भर मांडवात त्यांनी जाहीर केलं होतं, "नवरा चार बोटं कमी भरतोय. पर चालंल. अकलेनं भरून काढंल."

चाचा एकटे राहत. त्यांची बायको जैतूनबी मी शाळेत असतानाच गेली होती. त्यानंतर चाचांनी उंबऱ्याच्या आत कुणाला घेतलं नाही. जे काय बोलायचं ते दारात, दोन हातांवरून. घर सारवलेलं नसे. शेजारच्या गोदाक्का एकदा शेणाची पाटी घेऊन गेल्या, "चाचा, सणावाराचं तरी सारवून देते की," म्हणाल्या, तर चाचांनी काठी आडवी धरून त्यांना अंगणातनंच परत लावलं. गोदाक्का गावभर सांगत सुटल्या, "म्हाताऱ्यानं जमिनीत कायतरी पुरलंय. न्हायतर सारवणाला कोण भितंय?"

मी त्या वेळी नुकताच उस्मानाबादेहून मॅट्रिक होऊन आलो होतो. पत्रकं वाचून वाढलेला मुलगा. पोवाड्याच्या आधी मला घोषणा पाठ झाल्या होत्या. चाचा मला 'पर्चेवाले' म्हणत आणि मी बोलायला लागलो की काठीनं जमिनीवर एक रेघ मारत. ती रेघ म्हणजे माझ्या वाक्याची लांबी. "अजून संपलं न्हाय? रेघ कणगीपातुर गेली, पर्चेवाले!"

महाराष्ट्र होऊन थोडे दिवस झाले होते आणि बाजार एकाएकी बसला. भुईमुगाला कुणी विचारीना. तेलाचे घाणे बंद पडले. सोलापुरात गिरणीत लागलेली आमच्याकडची माणसं ट्रंका डोक्यावर घेऊन परत आली. वरून पाऊसही रुसला. ज्यांच्या घरी चार गडी राबायचे ते स्वतःच दुसऱ्याच्या दारात काम विचारू लागले. काम कुणाकडेच नव्हतं. आम्ही तालुक्याला अर्ज केले, ते हरवले म्हणून पुन्हा केले, कचेरीपुढे बसलो, आणि अखेर सरकारनं बेंबळीच्या ओढ्यावर तलावाचं काम काढलं. खड्डे खणायचे आणि ती माती बांधावर टाकायची. मला आजही वाटतं, ते काम मिळालं त्या दिवशी स्वराज्य खरं बेंबळीत आलं. त्याआधी ते फक्त शाळेच्या झेंड्यावर होतं.

या कामाची एक रीत होती. खड्डा खणताना मध्ये मूळ जमिनीचा एक खांब न खणता सोडायचा. वर गवत तसंच, बाजूनं माती काढलेली. मोजायला साहेब आला की खांबाच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप लावायचा. तेवढं खोल काम झालं. शेजारशेजारचे खड्डे पुढं एकमेकांत मिसळतात, काठ ढासळतात, सगळं शिवार एक मोठी परात होऊन जातं. मग आधी जमीन कुठवर होती हे सांगायला तो खांबच काय तो उरतो. कामावर देखरेख करणारे ओव्हरसियर त्याला नुसतं 'खूण' म्हणत. आमच्या टोळीत मजूर म्हणून नाव लावलेले काशीमचाचा त्याला 'गवाह' म्हणत.

"कोरटात गवाह ऱ्हातो ना? तसाच ह्यो. आपण किती राबलो त्ये ह्योच सांगणार. ह्याच्याशी मापात वागायचं."

आता तुम्हीच सांगा, उन्हातान्हात पोटरीभर मातीत राबणाऱ्या माणसापुढं खड्ड्याच्या मधोमध गवताची गादी असलेला खांब उभा आहे. तो काय करील? तो त्याच्यावर बसेल. आमची माणसं बसली. भाकरी सोडायला बसली, तंबाखू मळायला बसली. बायांनी खांबाच्या मानेला लुगडं बांधून झोळ्या केल्या आणि लेकरं निजवली. आणि मी? मी दर दुपारी एका चांगल्या उंच खांबावर चढून कामगारांच्या हक्कांवर भाषण करी. पाय आपटून बोलायची माझी सवय.

चाचा खाली उभे राहून ओरडत, "उतर! गवाहाचं डोस्कं तुडवू नको!"

"चाचा, मी तुमच्याच हक्कासाठी बोलतोय!"

"जमिनीवरून बोल की! हक काय उंचावरून ज्यादा मिळतोय?"

लोक हसत. चाचा चिडले आणि त्यांनी आपल्याच मनानं एक उद्योग आरंभला. रोज सकाळी कामाआधी येऊन त्यांनी एकेक करत सात खांब निवडले आणि प्रत्येकाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. आता काटेरी कुंपणातला मातीचा उंचवटा आणि शेजारी काठी घेऊन उभा असलेला दाढीवाला म्हातारा बघून आमच्या गावानं जे करायचं तेच केलं. चौथ्या दिवशी एका म्हातारीनं कुंपणातून हात घालून खांबावर तांब्याभर पाणी ओतलं आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी चार बाया आल्या. 'काशीमचाचाचे पीर' असं नावही पडलं. कोणी नवस बोललं, कोणी उदबत्ती खोचली.

चाचा कपाळावर हात मारून घेत धावत आले. "अगे माय, पीर न्हाय! माती हाय माती! रोज पाणी घालून मारती व्हय गवाहाला?"

"पण चाचा, नवस पुरा झाला की. शेळी दूध द्याया लागली," म्हातारी म्हणाली.

"मग शेळीला घाल पाणी!"

तिथून पुढं ते जेवायच्या सुट्टीतही सावलीत जात नसत. सात गवाहांमध्ये फेऱ्या मारत. ओव्हरसियर त्यांना वेडा म्हणत, आणि खरं सांगायचं तर मीही म्हणत होतो. बाजारात मंदी आलेली, माणसं कामाला मोताद झालेली, आणि हा माणूस मातीच्या ढेकळांना राखण बसलाय!

मग तपासणीचा दिवस आला.

साहेब नवीन होते, पुण्याकडचे. स्वभावानं वाईट नव्हते. त्यांना फक्त कागद आणि टेप एवढंच खरं वाटे. त्यांनी एकामागून एक उघड्या खांबांना टेप लावला. प्रत्येक खांब वहीतल्या मापापेक्षा वीतभर कमी. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा टेप लावला. वीतभर कमीच. कमरेएवढ्या खड्ड्यात वीतभर म्हणजे चार दिवसांतला एक दिवस कुणी गिळला असं झालं.

"हे पहा," साहेब ओव्हरसियरला म्हणाले, "इथले लोक काम करत नाहीत. ज्यांना खरी गरज आहे ते असे बसून राहत नाहीत. काम बंद करा. कुदळी-फावडी उद्याच नळदुर्गकडे पाठवा."

गोदाक्कांच्या हातातली पाटी तशीच राहिली. त्यांचे दोन्ही लेक सोलापूरहून परत येऊन घरात बसले होते आणि घरातली चूल या पाटीवर चालत होती. अशा दीडशे पाट्या तिथं होत्या.

मला वाटलं, हीच माझी वेळ. मी खांबावर चढलो. "साहेब, हा अन्याय आहे! हे भांडवलशाहीचं..." आणि पायाखालून ढेकूळ निसटून मी साहेबांच्या पुढ्यात बसलो. बसल्याबसल्या मी खांबाकडं पाहिलं. माथ्यावर गवताची काडी नव्हती. होते ते माझ्याच चपलांचे ठसे. वीतभर माती कुणी गिळली होती ते मला त्या क्षणी समजलं.

दोन हातांवरून आवाज आला, "साहेब, मापात बोलू का?"

चाचा काठी घेऊन उभे होते. "हे गवाह खोटं बोलतायत. त्यांचा कसूर न्हाय. त्यांच्यावर समदा गाव बसला. ह्ये पर्चेवाले तर नाचले. ज्यांच्यावर कुणी बसलं न्हाय असे सात माझ्याकडं हायत. त्यांना पुसा."

बाभळीच्या फांद्या बाजूला झाल्या. आत वाळकं कुंद्याचं गवत तसंच उभं होतं. साहेबांनी टेप लावला. माप पुरं. दुसऱ्याला लावला. पुरं, वर दोन बोटं जास्त.

पण साहेबही कच्चे नव्हते. "म्हातारबाबा, वर माती चढवून खांब उंच करायची युक्ती आम्हाला ठाऊक आहे. गवतसुद्धा लावता येतं."

लोकांतून संतापाची कुजबुज उठली. चाचा मात्र खूश झाले. इतक्या वर्षांत मापाचं बोलणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

"बराबर! शक घेतलाच पायजे. मग चिरून बघा. कंचा चिरू? तुम्ही बोट दावा."

साहेबांनी मधला दाखवला. चाचांनी त्याच्यावर एकदा हात फिरवला, 'बिस्मिल्ला' म्हणाले आणि फावड्यानं खांब उभा चिरला. अर्धा भाग गळून पडला. उरलेल्या अर्ध्यात काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम, आणि वरच्या गवतापासून मुरुमापर्यंत सरळ उतरलेली कुंद्याची मुळं. कुठं सांधा नाही, कुठं तुटलेलं नाही. साहेब गुडघ्यावर बसले. एक मूळ त्यांनी चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत बोट नेलं.

"मुळं कुणाला लावता येत न्हायत, साहेब," चाचा म्हणाले.

साहेब उठले, पँटचे गुडघे झटकले आणि ओव्हरसियरकडं वळले. "फेरमोजणी करा. या सातांवरून. काम सुरू राहील." मग थोडं थांबून चाचांना म्हणाले, "या काट्यांचं कुंपण सगळीकडेच घातलं पाहिजे."

त्यानंतर जो गलका झाला तो तामलवाडीपर्यंत ऐकू गेला असेल. गोदाक्कांनी पाटी वाजवली. चार तरण्यांनी चाचांना खांद्यावर घेतलं, तर ते वरून ओरडतायत, "मापात उचला रे! डावी बाजू खाली हाय!" महिन्याभरात तालुक्यातल्या सगळ्या कामांवर हुकूम आला: प्रत्येक ओळीत एक खूण कुंपणात राखावी. माझ्या साऱ्या पत्रकांनी सरकारचा एक शब्द बदलला नव्हता. चाचांच्या बाभळीनं अख्खा नियम बदलला. पुढच्या साली पाऊस झाला, तलाव भरला, आणि त्या पाण्यात बेंबळीच्या बायांनी ज्या पाट्या धुतल्या त्या त्यांच्या स्वतःच्या कष्टाच्या होत्या.

तलाव भरला तेव्हा गावानं चाचांचा सत्कार ठरवला. आमंत्रण द्यायला मी गेलो. दुपार होती. दार उघडं होतं. मी सवयीनं अंगणात दोन हात दूर उभा राहिलो. आतून आवाज आला, "आज आत ये, पर्चेवाले."

मी चपला काढून उंबऱ्यावर आलो. घरात काही पुरलेलं नव्हतं. काहीच नव्हतं. एक खाट, एक माठ. बिनसारवणाची जमीन चालून चालून, झाडून झाडून खाली गेलेली, धुळीची. आणि चुलीपुढं एक पाटी पालथी घातलेली, तिच्याभोवती चार विटा.

मी पाटीकडं बघत राहिलो. चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग वाकून पाटी उचलली.

खाली जमिनीचा हातभर तुकडा होता. बाकीच्या जमिनीपेक्षा उंच. गुळगुळीत सारवलेला. त्यावर सारवणाऱ्या बोटांचे अर्धगोल उमटलेले होते, एकात एक, अगदी स्पष्ट. शेवटी कडेला, हात उचलताना राहिलेली, पाच बोटांची टोकं.

"जैतूननं शेवटचं सारवलं त्या दिवशीचं हाय," चाचा म्हणाले.

त्यांनी काठी आणली. तुकड्याच्या कडेला उभी धरली. बोट आडवं लावलं.

"पहिल्या साली एक बोट होतं. आता चार भरतंय."

मला प्रत्येक गोष्टीवर भाषण येत असे. चाचांनी वाट पाहिली, बहुतेक मी काही बोलेन म्हणून, आणि जमिनीवर रेघ मारायला काठीचं टोक टेकवलंही. मग तसंच उचललं. पाटी पालथी घातली, विटा सारख्या केल्या आणि खाटेवरची गोधडी झटकली.

"बस. चहा करतो. पर तिकडून ये, भिंतीकडनं."

मी भिंतीला पाठ लावून, एकेक पाऊल सरकवत, पाटीला लांबचा वळसा घातला आणि खाटेवर जाऊन बसलो.