अकरा मिनिटांची बॅटरी

मे महिन्यात मी एक साधासा निर्णय घेतला: लॅपटॉप टेबलावरून उचलून पलंगावर आणायचा. सोलापुरात पारा त्रेचाळीसला टेकला होता आणि आमच्या कूलरचं वारं पलंगापलीकडं जात नाही. (माझंही पलीकडं फारसं जाणं नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसातून क्लार्क म्हणून निवृत्त होऊन आठ महिने झाले होते.)

बायको, धनलक्ष्मी, लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने जर्मनीला गेली होती. जाताना तिनं मला चटण्यांच्या चार बरण्या दिल्या, आणि दिग्विजयनं, म्हणजे जावयानं, आपला जुना लॅपटॉप. रोज दुपारी साडेतीनला मी तो उघडायचो. तिकडं बारा वाजलेले असायचे आणि पडद्यावर धनलक्ष्मी यायची. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस. सकाळी दूधवाला "दूध!" म्हणायचा, पण ते तो सगळ्या गल्लीलाच म्हणायचा.

पलंगावर जाडजूड सोलापुरी चादर, चादरीवर लॅपटॉप. पलंगाजवळ प्लग एकच, तो कूलरला. म्हणून लॅपटॉप सकाळी चार्ज करायचा आणि दुपारी बॅटरीवर चालवायचा. पहिल्या आठवड्यात तो कोमट झाला, दुसऱ्यात तापला, तिसऱ्यात त्याच्यातला पंखा असा ओरडायला लागला की धनलक्ष्मी म्हणाली, "अहो, घरात पिठाची गिरणी टाकली की काय?"

दोन तास चालणारी बॅटरी हळूहळू अकरा मिनिटांवर आली. मी वेळापत्रकच केलं. चार मिनिटं नातीला बघायचं, दोन मिनिटं लेकीची तब्येत, उरलेला वेळ धनलक्ष्मी. ती रोज विचारायची, "जेवलात का?" मी म्हणायचो, "जेवलो." (काय जेवलो, हे विचारायला वेळ उरायचा नाही. बरंच होतं ते.)

एका मंगळवारी ती गंभीर चेहऱ्यानं समोर आली.

"ऐका. काल आम्ही डॉक्टरांकडं गेलो होतो. ते म्हणाले, बाळाला आता..."

पडदा काळा.

मी कूलरचा प्लग उपटून चार्जर लावला. लॅपटॉप ढिम्म. हात लावला तर तवा! माझा मोबाइल साधा, बटणांचा; त्यावर जर्मनी लागत नाही. बाळाला आता काय? ऑपरेशन? मला काही सुचेना. तापलेल्या वस्तूला गार करायचं, एवढंच डोक्यात आलं. मी लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवला, ताकाच्या पातेल्याशेजारी. वीस मिनिटांनी बाहेर काढला तर त्याला दरदरून घाम फुटलेला. मग मात्र तो पार गेला.

टॉवेलात गुंडाळून, भर उन्हात रिक्षानं नव्या पेठेत गेलो. दुरुस्तीच्या दुकानात महेजबीन नावाची तरुण बाई होती. तिनं खालचं झाकण उघडलं. बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती.

"काका, कुठं ठेवत होता?"

"पलंगावर. चादरीवर."

"खालच्या जाळीतून श्वास घेतो हा. तुम्ही ताप आलेल्याचं नाक चादरीनं दाबलं की! गरमी बॅटरीला खाते. आणि हे पाणी कुठलं?"

"फ्रीजमधलं."

"फ्रीज में?" तिची मराठी तिथं संपली. "कायकू, काका?"

"डॉक्टर माझ्या नातीबद्दल काय म्हणाले, ते ऐकायचं राहिलंय," मी म्हणालो. आवाज असा काही निघाला की तिनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि स्वतःचा मोबाइल पुढं केला. धनलक्ष्मीचा नंबर मला पाठ होता.

"बाळाला काय झालंय?" मी ओरडलो.

"काय व्हायचंय? रोज थोडा वेळ पालथं ठेवा म्हणाले. मान लवकर धरेल. अहो, रडताय काय?"

"घाम आहे," मी म्हणालो. महेजबीननं टेबलफॅन माझ्याकडं वळवला.

दोन दिवसांनी नवी बॅटरी बसली. लॅपटॉप आता लाकडी पाटावर, चांगला हवेशीर. मी विजयी चेहऱ्यानं फोन लावला.

"धना, आता तीन तास बोलायचं!"

तिचा चेहरा पडला. "तीन तास? काय बोलायचं तीन तास?"

तरी ती बोलली. सहा मिनिटांत आमचे विषय संपले. मग तिनं मोबाइल ओट्यावर कशाला तरी टेकवला आणि स्वयंपाकाला लागली. मला अर्धी शेगडी, एक पातेलं आणि तिचं कोपर दिसत होतं. बांगड्या वाजत होत्या, मधेच बाळ रडत होतं, ती कानडीत काहीतरी गुणगुणत होती. दोन महिन्यांनी पहिल्यांदा घरात स्वयंपाक चाललाय असं वाटलं. मी चकार शब्द काढला नाही. दीड तास बसलो.

अचानक कोपर थांबलं. "आमटीत मीठ घातलं का मी?" ती स्वतःशीच म्हणाली.

"नाही घातलंस," मी म्हणालो.

डाव खाली पडला. "अगंबाई! तुम्ही अजून आहात?"

"आहे की."

"दीड तास नुसते बसून?"

"बघत होतो."

ती पडद्याजवळ आली. हात पुसून तिनं मोबाइल नीट उभा केला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "नक्की नाही ना घातलं?"

"नक्की. माझं सगळं लक्ष तिथंच होतं."

तिनं मीठ घातलं. आत ताटं वाजली. मग पहिल्याच घासाला जोराचा ठसका ऐकू आला. तीन वर्षांत "नमस्कार"च्या पुढं माझ्याशी न बोललेला दिग्विजय, हातात पाण्याचा ग्लास घेऊन, पडद्यावर आला.

"बाबा," तो फार नम्रपणे म्हणाला, "लॅपटॉप जरा बंद ठेवा आता. गरम होत असेल."