होडीच्या गाण्यास पहिला मान दिला, त्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न. श्रीशारदाही प्रसन्न असावी, परंतु पुढील मजकूर ऐकून तिने कानांवर हात ठेविले असल्यास तिजकडे बोल नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, मंदवासरे, ते दिवशी राज्यात जे घडले आणि ज्यापायी घडले ते साद्यंत लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण थोडकी अब्रू उरली आहे ती राहो. लिहिणाराचेही नाव लिहीत नाही, कारण लिहिणारास अजून दोन वेळा जेवावयाचे आहे.

ते राज्यी श्रीमंत मुकुंदराव महाराज राज्य करीत असत. राज्य करीत म्हणजे काय, तर रस्त्यांस खड्डे पडले, धरणाचा दरवाजा गंजला, कारभारी लोक खाऊन खाऊन पालखीत मावेनासे जाहले, आणि महाराज आपले ऐनेमहालात टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन ऐंशीच्या दशकातील गाणी ऐकत बसलेले. त्यांचे मत ऐसे, की गाणे म्हणून जे काही पृथ्वीवर जाहले ते त्या दहा वर्षांतच जाहले. त्यापूर्वी लोक नुसते खाकरत होते आणि त्यानंतर नुसते बोंबलत आहेत. आता त्याच दहा वर्षांत महाराज तरुण होते, डोईवर केस होते आणि जिना चढताना गुडघा वाजत नव्हता, हा योगायोग त्यांच्या ध्यानी आणून देण्याची छाती कोणास जाहली नाही. मग महाराजांचे मनात आले, की आपल्या आवडीच्या दहा गाण्यांची प्रतवारी लावावी, दसऱ्याचे दरबारी ती पुकारावी, शिळेवर कोरून महाद्वारी बसवावी, आणि पहिल्या मानाचे गाणे सर्व रयतेने लग्नकार्यात म्हणावे. आवड एका माणसाची आणि भुर्दंड अवघ्या राज्याला, ऐसा हा बेत. दिवाण गोपाळपंत म्हणाले, "महाराज, हे काम मागेच व्हायला हवे होते." त्यांस विचारिले असते की महाराज, आपण झाडावर उलटे लटकावे काय, तरी ते हेच म्हणते.

मग ऐनेमहालात खल सुरू जाहला आणि पावसाळा संपेतो चालला. दहावा मान बर्फातील गाण्यास मिळाला, ज्यात नायक स्वेटर घालून पळतो आणि नायिका बिचारी नुसत्या शिफॉनच्या साडीत कुडकुडते. महाराज म्हणाले, यात प्रेम आहे. लिहिणारास त्यात न्यूमोनिया दिसला, परंतु लिहिणारास कोण विचारतो. सातवा मान कॉलेजच्या स्नेहसंमेलनात बाकडे बडवून म्हटलेल्या गाण्यास, कारण बाकडे खुद्द महाराजांनी बडविले होते. वरच्या जागांकरिता मात्र तंटा पेटला. सरदार रंगराव, म्हणजे महाराजांचे चुलतभाऊ, हे डिस्को पक्षाचे. यांनी तारुण्यात चकचकीत पट्टा लावून एकदा नाच केला होता आणि त्यातून ते आजवर सावरले नव्हते. दिवाण गोपाळपंत गझल पक्षाचे. त्यांस गझलेतला एक शब्द कळत नसे, परंतु कळत नाही तेच थोर, हा त्यांचा कारभाराचाही नियम होता. रंगराव म्हणाले, "तुमची गझल ऐकून म्हशी आटतात." गोपाळपंत म्हणाले, "आणि तुमचे ते ढिशांग ढिशांग ऐकून माणसांचे दात हलतात." मग शब्दाने शब्द वाढला आणि रंगरावांनी लोड उचलून फेकला आणि गोपाळपंतांनी तक्क्या परतविला आणि कापूस ऐसा उडाला की दोन घटका कोणास कोण दिसेना, आणि पानाचे तबक उलथून दोन्ही फौजांचे पांढरे अंगरखे लाल जाहले. ज्या सरदारांनी सरहद्दीवर कधी तलवार उपसली नाही ते गाण्याच्या दुसऱ्या क्रमांकाकरिता ऐसे शर्थीने लढले. अखेर डिस्कोस दुसरा आणि गझलेस तिसरा मान देऊन महाराजांनी तह केला आणि म्हणाले, "पहिल्या मानाचा वाद नकोच. तो होडीच्या गाण्याचा."

हे होडीचे गाणे काय, ते सांगतो. त्या काळी रिवाज ऐसा, की साखरपुडा जाहला म्हणजे लग्नापावेतो मुलामुलीने भेटू नये, बोलू नये. मग मुलगी कोरी कॅसेट घेऊन बाजारात कॅसेट भरून देणाराचे दुकानी जाई, आवडीची गाणी सांगून भरून घेई आणि भावाचे हाती नवऱ्या मुलाकडे पाठवी. दुकानदार गाण्यामागे गाणे भरीत जाई, आणि बाजू संपली म्हणजे शेवटले गाणे जेथे असेल तेथे कचकन तुटे. हे राज्यात शेंबड्या पोरासही ठाऊक. महाराजांची राणी सौदामिनीबाईसाहेब, यांनी ऐसीच एक कॅसेट साखरपुड्यानंतर पाठविली होती, आणि महाराज इतकी वर्षे तीच ऐकत होते. बाजूच्या शेवटी होडीचे गाणे. नायक दोन कडवी गातो, होडी नदीच्या मधोमध येते, नायिका काही सांगावयास "आ..." म्हणून सूर लावते, आणि तेथेच फीत संपते. महाराजांस वाटे, गाणेच तेथे संपते. मग ते पेन्सिल घेत, कॅसेटच्या भोकात घालीत, गरगर फिरवून फीत मागे नेत आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकत. पस्तीस-चाळीस वर्षे हेच. पुढले कडवे रयतेत धुणे धुणाऱ्या बायकांनाही येत होते, परंतु महाराजांस "आपण चुकता" म्हणावे ऐसा माणूस दरबारी ठेवण्याची चाल नव्हती. बाईसाहेबांनी सांगावे, तर ऐनेमहालात बायकांस मज्जाव. पतीने काय ऐकले आणि काय जाणले हे त्यांस कधी कळलेच नाही.

मग दसरा आला. दरबार भरला, सोने लुटले, बाईसाहेब रिवाजाप्रमाणे चिकाच्या पडद्याआड बसल्या, आणि महाराज, पुढ्यात त्या कॅसेटसह टेपरेकॉर्डर मांडून, उभे राहून पहिल्या मानाची थोरवी बोलो लागले. म्हणाले, "होडी भर पात्रात येते, नायिका तोंड उघडते, आ म्हणते, आणि बस्स! खलास! काय सांगणार होती, ते नाहीच! अरे, दुसरा कोणी असता तर होडी काठाला लावून मोकळा झाला असता. बाईने काय म्हटले हे न सांगणे, यातच सगळी कला आहे!" गोपाळपंत लगोलग डोळे पुसून म्हणाले, "महाराज, तो आ म्हणजे आत्म्याचा हुंकार." रंगराव मागे राहतात की काय, म्हणाले, "छे छे, तो आ म्हणजे साक्षात आकाश." आणि सर्व सभा माना डोलवो लागली. अकलेचे तारे इतके तुटले, की दिवसाढवळ्या उजेड पडावा.

तो चिकाआडून आवाज आला, "ते गाणे तिथे संपत नाही."

महाराज हसून बोलिले, "बाईसाहेब, आम्ही उभा जन्म ऐकतो आहोत."

"बाजू संपते तिथे. गाणे नाही. दुसरी बाजू नाही ऐकलीत?"

"दुसरी बाजू कोरी आहे."

"कोणी सांगितले?"

"तिच्यावर काही लिहिलेले नाही."

"लिहिले असते तर तुमच्याआधी सगळ्या घराने ऐकले असते, म्हणून नाही लिहिले. इतक्या वर्षांत एकदाही पलटली नाहीत?"

महाराज म्हणाले, "पलटायची कशाला? पेन्सिल होती ना!"

हे उत्तर जैसे जाहले तैसेच लिहिले आहे, पदरचे एक अक्षर घातले नाही. ते ऐकून चिक बाजूस जाहला आणि बाईसाहेब भर दरबारात बाहेर आल्या, जे कधी घडले नव्हते. गोपाळपंत म्हणाले, "बाईसाहेब, रिवाज..." बाईसाहेब म्हणाल्या, "दिवाणजी, सरा." आणि ते सरले, जन्मात पहिल्यांदा योग्य हुकूम योग्य वेळी मानला. मग बाईसाहेबांनी आपले हाते कॅसेट काढिली, पलटिली आणि कळ दाबिली. प्रथम खरखर जाहली. मग एका मुलीचा आवाज आला, कोवळा, थोडा घाबरलेला:

"नमस्कार. मी सौदामिनी. दुकानात होडीचे गाणे अर्धेच राहिले. पुढचे कडवे बाईचे आहे, ते मीच म्हणते, हसू नका हं. पण आधी एक विचारायचे आहे. मी गाणे शिकते. गुरुजी म्हणतात, आवाज आता कुठे लागतो आहे, सोडू नकोस. लग्नानंतर शिकले तर चालेल ना? समोर विचारायची सोय नाही म्हणून इथे विचारते. नुसते हो कळवलेत तरी पुरे. काहीच कळवले नाहीत तर चालत नाही असे समजेन, आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. बरं, आता म्हणते."

तंबोऱ्याची तार छेडली गेली, एक श्वास ऐकू आला, आणि बाईसाहेबांनी कळ दाबून टेप बंद केला.

तेसमयी दरबारात जे जे शहाणे होते ते सर्व आपापल्या चपला कोठे ठेविल्या याचा विचार करो लागले. महाराज एकदम मोठ्याने म्हणाले, "हो! चालेल की! आमची कधीच ना नव्हती!"

बाईसाहेब म्हणाल्या, "हे मला आज कळते आहे. मी उत्तराची वाट पाहिली. हळद लागेपर्यंत पाहिली. मग तंबोरा माहेरी खुंटीला टांगला आणि आले. त्याचा भोपळा उंदरांनी खाल्ला म्हणून मागे वहिनी सांगत होती. मला वाटायचे, तुम्ही ऐकून गप्प राहिलात. त्याचा राग होता. पण तुम्ही ऐकलेच नाहीत."

येथे शहाण्याने पाय धरावे. महाराजांनी काय केले? म्हणाले, "मग आम्ही ऐसे करतो, तुमच्या या कडव्यास पहिला मान देतो. होडीच्याही वर. शिळेवर जागा आहे." हर हर! बायकोचा जन्म वाहून गेला आणि हे गृहस्थ तिला क्रमांक देतात! लिहिणाराने तेव्हा दौत फेकून मारावयाची होती. नाही मारली, लिहिणारही त्याच दरबारचे मीठ खाणारा.

बाईसाहेब म्हणाल्या, "क्रमांक तुमच्यापाशीच असू द्या," आणि कॅसेट काढून पदरात घेतली.

महाराज म्हणाले, "निदान पुढचे ऐकवा तरी!"

त्या म्हणाल्या, "माझे ऐकायला तुम्हाला इतकी वर्षे लागली. आता घाई कसली?" आणि निघून गेल्या.

पुढे वर्तमान येणेप्रमाणे. बाईसाहेबांनी मिरजेहून नवा तंबोरा आणविला आणि आपल्या महाली दार लावून रोज संध्याकाळी गावयास बसू लागल्या. साठीचा आवाज, वरचा सूर फाटतो, खालचा थरथरतो, तरी त्यात काही आहे. लिहिणाराने जिन्याखाली उभे राहून ऐकले आणि रडला, लपवीत नाही. शेवटी त्या होडीचे गाणे घेतात. दोन कडवी म्हणतात, मग "आ..." लावितात, आणि तेथेच थांबतात. तंबोरा खाली ठेविल्याचा आवाज येतो. दाराबाहेर पायरीवर महाराज बसलेले असतात, एकटे, कान दाराशी लावून. थांबण्यातच सगळी कला आहे, हे आता त्यांच्या तोंडून येत नाही. पुढले कडवे त्यांनी एके दिवशी दिवाणाकडून म्हणवून पाहिले. दिवाणाने म्हटले, आणि महाराजांनी त्यास ओळ पुरी होण्याआधी हाकलून दिले. मग पुन्हा पायरीवर येऊन बसले. खिशात पेन्सिल आहे, परंतु तिचा आता उपयोग नाही.

सारांश इतकाच, की ऐंशीच्या दशकातील गाण्यांची प्रतवारी लागली, शिळा कोरली, ती महाद्वारी आडवी पडली आहे आणि लोक तिजवर बसून चपलेतले खडे काढतात. पहिल्या मानाची जागा कोरी ठेविली आहे. महाराज रोज पायरीवर बसतात, दार रोज बंद असते. होडी अद्याप नदीच्या मधोमध आहे. येथे लेखणी ठेविली.