फडक्याखालचा डबा

युसूफचाचांनी मला फसवलं. कतारात, दोह्याच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान शून्यातून उभं करणाऱ्या, साध्या कुलपाचाही भाव तीनदा पाडून घेणाऱ्या मला, खेडच्या दळवीला, रत्नागिरीच्या या म्हाताऱ्याने भरदिवसा हलका माल दिला. हे आधीच लिहून ठेवतो.

चाचा शहराबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात रिव्हॉल्व्हरची काडतुसं हाताने भरत. पितळी पुंगळी, तिच्यात दारू, वर गोळी. दारूची प्रत्येक चिमूट छोट्या तराजूवर तीनदा तोलत. सगळा क्लब हसायचा.

"चाचा, सोनारसुद्धा दोनदा तोलत नाही," मी म्हणायचो.

"सोनाराची चूक गिऱ्हाइकाच्या खिशाला लागते, शेट. माझी त्याच्या तोंडावर फुटेल."

काडतुसांना त्यांनी नावं ठेवली होती. हाताला सणसणीत झटका देणारी ती सासू, मऊ ती मावशी. नावाची चिठ्ठी मात्र डब्याच्या तळाशी, काडतुसांखाली. नाव वाचून माणूस भुलतो म्हणे. गिऱ्हाईक आलं की बंदुकीचं राहिलं बाजूला, विचारणार काय, तर बुटाची नाडी कशी बांधता, कुठल्या कुशीवर झोपता. "हात बघून घास भरायचा," हे त्यांचं पालुपद.

माझ्या दुकानाचं लायसन ज्यांच्या नावावर, ते माझे कफील अबू सालेह. वय सत्तरीचं, मी त्यांना बाबा म्हणतो. त्यांच्याकडे फोर्टी-फोरचं थोराड रिव्हॉल्व्हर. गेल्या स्पर्धेत त्यांचा नेम भरकटला आणि पुतणे हसले. या वर्षी त्यांनी मला बजावलं, "सगळ्यात जोरदार काडतुसं आण. शुक्रवारच्या स्पर्धेत माझं हसं झालं, तर सहीला येऊ नकोस."

सही म्हणजे माझ्या बायको-मुलीच्या व्हिसाच्या अर्जावरची. चार वर्षं दोघी मला फोनवरच भेटत होत्या.

मी चाचांकडे गेलो. म्हणाले, "तुझे बाबा कॉफी कशी पितात, बघितलंस कधी?"

"कॉफीचं काय मध्येच? सगळ्यात जोरदार द्या."

त्यांनी समोरचा डबा सरकवला. "याच्यापेक्षा जोरदार नाय."

धंद्यात माझा एक नियम आहे. समोर मांडलेला माल घ्यायचा नाही. खरा माल मागे असतो. मी मागे पाहिलं, तर फडक्याखाली एक डबा.

"तो?"

"तो नको, शेट. राखून ठेवलाय."

झालं. मी तासभर भांडलो. शेवटी चाचा सुस्कारा टाकून म्हणाले, "यल्ला, ने. पण माझ्या जिवावर येतंय."

शुक्रवारी पुतण्यांच्या रिव्हॉल्व्हरच्या नळ्या प्रत्येक झटक्याला आभाळाकडे उडत होत्या. बाबांच्या सहाही गोळ्या निशाण्याच्या कागदावर एका मुठीत मावतील अशा बसल्या. त्यांनी गाडीच्या बॉनेटवरच अर्जावर सही केली.

रिकाम्या पुंगळ्या परत करायला निघालो, तेव्हा डब्याच्या तळाशी चिठ्ठी दिसली. मावशी.

मी तणतणत पोचलो. "मी जोरदार मागितली होती."

"समोर ठेवली होती. तू घेतली नाहीस." चाचा सुलेमानी चहा ओतत होते. "तुझे बाबा इथे कॉफी पितात ना, घोटाघोटाला पेला गुडघ्यावर टेकवतात. दोन वर्षं बघतोय. मनगट गेलंय. सासूने त्यांना सगळ्यांसमोर रडवलं असतं."

"मग मला सांगायचं."

"तू त्यांना सांगितलं असतंस. त्यांनी घेतली असती?"

त्यांनी चहा पुढे केला. कप बशीत किणकिणला. त्यांनी डाव्या हाताने तो घाईने दाबून धरला. माझं लक्ष तराजूकडे गेलं. तीनदा.

"चाचा, कधीपासून?"

"चहा घे. क्लबात कळलं तर खलास."

"घरी माहीत आहे?"

"घरी कोण आहे, शेट?"

मी चहा प्यालो. सहा वर्षं त्याच बाकावर बसून पीत आलोय, आणि डोळ्यांनी माल पारखण्याचा धंदा माझा.

फसवलंत ते फसवलंत, चाचा. ते मी विसरणार नाही. पण पुढच्या महिन्यात माझी बायको येतेय, आमच्या घरी ताट मांडलेलं असेल, आणि तिथे बसून मला एका गोष्टीचा जाब द्यायचा. साऱ्या क्लबाचे हात बघत बसलात, आपला हात माझ्यापासून का लपवलात?